र. म. जो. यांचा डबा

स्वयंपाकघराला नवं रूप द्यायचं ठरलं, तेव्हा मोजमापं घ्यायला एक तरुण आला. त्याच्याकडे टेप नव्हती. भिंतीवर लाल ठिपका पाडणारं मुठीएवढं यंत्र होतं. ओट्याच्या एका टोकाला उभं राहून त्याने दुसऱ्या टोकाचं अंतर मिलिमीटरपर्यंत सांगितलं, आणि मग भांड्यांचं कपाट उघडून तो बराच वेळ गप्प राहिला. एक्स-रे उजेडाकडे धरल्यावर डॉक्टर गप्प राहतात, तसा. “काका, घरात माणसं किती?” त्याने हलकेच विचारलं. “दोन,” मी म्हणालो. त्याने पुन्हा कपाटात पाहिलं, मग माझ्याकडे, मग हिच्याकडे. आम्ही दोघांनीही नजर चुकवली. आतल्या खोलीत दोनशे माणसांची पंगत दडवून ठेवलेली आहे आणि आता एखादा भोळा पाहुणा बाहेर येऊन “ताक आहे का हो?” असं विचारणार, असं मला उगाचच वाटत राहिलं. “चार ट्रॉल्यांत मावेल तेवढंच ठेवा,” असं सांगून तो गेला.

रविवारी सकाळी हॉलमध्ये सोलापुरी चादर अंथरली आणि भांडी खाली उतरवायला घेतली. परातीत परात, पातेल्यात पातेलं, तपेलीत तपेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी पोरं एकमेकांच्या कुशीत शिरून झोपतात तशी ती निजलेली होती, आणि त्यांना वेगळं करताना तसाच कुरकुरीचा आवाज येत होता. हिने तीन ढीग ठरवले होते : ठेवायची, द्यायची आणि विचार करायची. तासाभराने पाहिलं तर पहिल्या दोन ढिगांच्या जागी चादरीची नक्षी दिसत होती आणि तिसरा ढीग सोफ्याला टेकला होता. दोष आमचा नव्हता, भांड्यांवरच्या नावांचा होता. ज्या भांड्यावर नाव नाही ते टाकायला मन तयार होतं. पण तसं भांडं घरात जवळजवळ नव्हतंच. आमच्याकडे पुस्तकांवर नावं नाहीत, म्हणून ती गेली. भांडी राहिली.

नाव घातलेलं भांडं म्हणजे काय, हे हल्लीच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. भांड्यांच्या दुकानात कोपऱ्यात एक माणूस बसलेला असे. पूर्वी त्याच्याकडे बारीक छिन्नी आणि हातोडी असायची, नंतर पेनाएवढं विजेचं यंत्र आलं. ते टर्रर्र करत धातूवर टोचे मारी आणि त्या टोच्यांतून अक्षरं उमटत. सगळी ठिपक्यांची. रांगोळीच्या ठिपक्यांनी आपसांत जुळवून घ्यायला साफ नकार द्यावा, तशी. आमचा नाव घालणारा अक्षरावर पैसे घ्यायचा, त्यामुळे देणाऱ्याचा हात किती सैल आहे ते मजकुरावरून कळे. “चि. अमुक याच्या मुंजीप्रीत्यर्थ सप्रेम भेट” असं ऐसपैस लिहिणारी एक मावशी, आणि त्याच मुंजीत नुसतं “स. भे.” एवढ्यावर प्रेम आटोपणारे एक मामा. एका ताटाच्या कडेवर तर जागेचा अंदाज चुकल्याने “विश्वना” एवढंच मावलं आहे आणि “थ” खाली एकटा उभा आहे, गाडी सुटल्यावर फलाटावर राहिलेल्या प्रवाशासारखा. विश्वनाथकाका ज्या ज्या वेळी आमच्याकडे जेवायला येत, त्या त्या वेळी आई त्यांना चुकून तेच ताट वाढत असे.

नावं घालण्यामागे व्यवहारही होता. वाड्यात मोरी सामाईक, नळ सामाईक, आणि कार्य कुणाचंही असलं तरी परातीपासून वाट्यांपर्यंत सगळ्या बिऱ्हाडांची भांडी त्यात उतरत. पंगत उठली की भांड्यांचा जो डोंगर होई त्यातून आपापली वाटी ओळखायची कशी? शिवाय कुणी दिलं ते कोरलेलं असलं, की तेच भांडं दुसऱ्याच्या लग्नात खपवायची सोय राहत नसे. लोक एकमेकांना नीट ओळखून होते, त्याचा हा ठिपक्याठिपक्यांचा पुरावा.

माझं लहानपण कसबा पेठेत गेलं. तांबट आळी हाकेच्या अंतरावर. पेशवाईपासूनची ती आळी दिवसभर वाजत असायची; हंड्याला, बंबाला ठोके देऊन मठारकाम चाललेलं असे आणि त्या ठेक्यावर आम्ही पाढे म्हणत असू. मला आजही एकोणतीसचा पाढा आठवायचा तर कानात तांब्यावरचा हातोडा आधी वाजावा लागतो. घरात तेव्हा पितळेचं राज्य होतं, आणि त्या राज्याला कल्हईचा कर द्यावा लागे. कल्हईवाला झाडाखाली भाता लावी, तापलेल्या पातेल्यात नवसागर भुरभुरवी, पांढरा धूर उठे, कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा फिरवला की काळवंडलेल्या पोटात चंद्र उगवे. कथील २३२ अंशांना वितळतं हे मला पुढे शाळेत कळलं. कल्हईवाल्याला ते न मोजता माहीत होतं. कल्हई गेली की आमटी कळकायची. ‘कळकणं’ हा शब्द आता मराठीतून चाललाच आहे. शब्द जाण्याचं कारण पाहिलं तर ते अगदी साधं असतं : भांडं बदलतं.

भांडं बदललं ते शेफील्डच्या एका गृहस्थामुळे. हॅरी ब्रिअर्ली हे १९१३ साली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होते. नळ्यांचं काय व्हायचं ते होवो, हे पोलाद गंजत नाही आणि आंबटाला दाद देत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. बंदुकांसाठी केलेली ती खटपट शेवटी चिंचेच्या कोळाच्या कामी आली, याचं मला फार बरं वाटतं. जगातल्या इतर शस्त्रसंशोधनाचाही असाच शेवट आमटीत व्हावा.

आमच्या घरात स्टील आलं ते साठीच्या दशकात, आणि आलं ते बोहारणीच्या पाटीतून. आईच्या दोन जरीच्या साड्या, वडिलांचा एक कोट, आणि वर “ताई, अजून एखादा शर्ट टाका” अशी दीड तास चाललेली बोलणी. त्या बदल्यात एक पातेलं. मोठी खरेदी असली की वडील स्वतः बोहरी आळीत जात आणि जाताना खिशात लोहचुंबक ठेवत. चुंबक भांड्याला चिकटलं तर स्टील हलकं, नाही चिकटलं तर अस्सल. निकेल घातलेलं चांगलं स्टील चुंबकाला भीक घालत नाही, असं त्यामागचं शास्त्र. दुकानदाराच्या देखत ते चुंबक काढत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सोनं कसोटीला लावणाऱ्याचा भाव असे.

परवा तो मोजमापवाला तरुण इंडक्शन शेगडी सुचवून गेला, तेव्हा मीही फ्रिजवरचं एक चुंबक काढून घरभर फिरलो. त्या शेगडीवर तेच भांडं तापतं, ज्याला चुंबक चिकटतं. पितळ नापास, तांबं नापास, ॲल्युमिनियम नापास, आणि वडिलांनी पारखून पारखून आणलेलं एकूण एक अस्सल स्टील नापास. चिकटलं ते फक्त लोखंडी तव्याला आणि एका झाकणाला. झाकण कुणी आणलं होतं ते मला आठवतं. त्या दिवशी मीच चुंबक न घेता गेलो होतो आणि आठवडाभर बोलणी खाल्ली होती. पन्नास वर्षांनी माझी निवड बरोबर ठरली, पण सांगायचं कुणाला?

ढीग उपसताना आजोबांच्या नावाचं एक पितळी ताट निघालं. आजीने जन्मभर त्यांचं नाव घेतलं नाही. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एरवी “हे”, “इकडून”, फार तर “ऐकलं का”. जनगणनेला माणूस आला तेव्हा तिने नाव सांगायला माझ्या वडिलांना पुढे केलं होतं, ही आमच्या घरातली आवडती गोष्ट. पण तेच नाव ती दिवसातून दोनदा मोरीपाशी बसून राखेने आणि चिंचेने घासत असे, आणि घासून झाल्यावर ताट उन्हाकडे तिरपं धरून पाही. तोंडाने घेतलं नाही ते नाव हाताने इतकं घेतलं, की आता त्यातलं पहिलं अक्षर पुरतं झिजून गेलं आहे. बोट फिरवलं तर लागतं. डोळ्यांना दिसत नाही.

आणि एक फुलपात्र, अगदी लहान. त्यावर “कु. सिंधू”. ही सिंधू कोण म्हणून ही विचारात पडली. मला माहीत होतं, पण सांगताना आवाज थोडा अडला. सिंधू म्हणजे माझी आई. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं गेलं आणि ती कमल झाली. रेशनकार्डावर कमल, बँकेत कमल, वडिलांच्या हाकेत कमल. माहेरचं नाव कुठेच उरलं नव्हतं, ते एवढं फुलपात्रावर होतं. रात्री उशाशी पाणी भरून ठेवायला ती हेच फुलपात्र घेत असे, दुसरं चालत नसे. आम्हाला वाटे, माप सोयीचं असेल.

तर अशा या ओळखीच्या गर्दीत एक अनोळखी निघाला. स्टीलचा कडीचा डबा, पोक्त, गालावर एक पोचा, आणि झाकणावर स्वच्छ ठिपक्यांत : “र. म. जो. २२-५-६८”. आमच्या घराण्यात कुणी जो. नाही, हिच्याही माहेरी नाही. पण डबा परका म्हणावा तर मी त्याला माझ्या आठवणीइतकाच जुना ओळखतो. शाळेच्या सहलीला यातून तिखटमिठाच्या पुऱ्या गेल्या. परीक्षेला मुंबईला गेलो तेव्हा यात दशम्या होत्या. आपला म्हणून ज्याचा हात धरून वाढलो, तो काकाच मुळात आपला नव्हे असं उतारवयात कळावं, तसं झालं.

पुढे मुलगी लहान असताना आम्ही कार्ल्याची लेणी पाहायला गेलो, तेव्हाही हाच डबा बरोबर होता. एकवीरेच्या पायऱ्या चढून चैत्यात शिरलो, डोळे अंधाराला सरावले, आणि खांबांवर कोरलेली ब्राह्मी अक्षरं दिसली. तिथल्या बऱ्याच खांबांवर खांब देणाऱ्याचं नाव आहे. कित्येक देणारे धेनुकाकट नावाच्या गावचे, त्यांत काही चक्क यवन. सिंहदत्त नावाच्या एका अत्तरवाल्याने दाराचं काम दिलं, तेही लिहिलेलं आहे. आणि वैजयंतीच्या भूतपाल शेठजींनी तर हे शैलगृह आपण पुरं केलं आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असा अभिप्रायही स्वतःच कोरून ठेवला आहे. तो लेख पाहिला आणि मला मुंजीतली मावशी आठवली. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे “सप्रेम भेट”च. फक्त पातेल्याच्या जागी खांब. धेनुकाकट नेमकं कुठलं, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. गाव हरवलं, पण गावच्या माणसाने दिलेला खांब छत तोलून उभा आहे. मुलीला हे सांगत असताना तिने डब्याची कडी उघडली होती आणि पुरी मोडत विचारलं होतं, “बाबा, आपला डबा कुणी दिला?” मी म्हणालो, “र. म. जो. यांनी.” तिला ते धेनुकाकटाइतकंच दूरचं वाटलं असावं. तिने मान हलवली आणि दुसरी पुरी घेतली.

हीच मुलगी शिकायला श्टुटगार्टला गेली तेव्हा विमानात २३ किलोंची मर्यादा होती. बॅग घेऊन वजनकाट्यावर मी उभा राहायचो, मग बॅगेशिवाय उभा राहायचो, आणि दोहोंतल्या फरकात तिचा संसार मोजायचो. पुस्तकं निघाली, स्वेटर निघाला, पण आईचं “सौ. कमल” कोरलेलं छोटं पातेलं ती काढू देईना. तिथे तिच्या खोलीशेजारी राहणाऱ्या इटालियन मुलीने ते पातेलं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, ही अक्षरं म्हणजे कंपनीचं नाव का? पातेलं फार दणकट आहे, या कंपनीचं अजून काही मिळेल का? हे सगळं मुलगी व्हिडिओ कॉलवर हसत सांगत होती. “मग तू काय म्हणालीस?” हिने विचारलं. “म्हटलं, हो, जुनी कंपनी आहे. आता बंद झाली.” त्यानंतर पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. आम्हाला वाटलं, नेटवर्क गेलं.

डब्याचा छडा लावायला शेवटी आत्याला फोन केला. आत्याचं वय ८६. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे “र. म. जो.” ही आद्याक्षरं मला इतक्या मोठ्याने म्हणावी लागली की खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून कुणीतरी वर पाहिलं. “अरे, तो जोशांचा!” आत्या म्हणाली. “चौकाच्या पलीकडचे. अनारसे आले होते त्यातून.” मग हळूहळू सगळं उलगडलं. त्या वर्षी दिवाळीत आईने जोशीकाकूंकडे आपल्या डब्यातून बेसनाचे लाडू पाठवले. तो डबा काकूंकडे भरलेला होता, म्हणून त्यांनी आपल्या डब्यातून अनारसे पाठवले. अनारसे असे की आत्याला त्यांची जाळी पन्नासहून अधिक वर्षांनीही आठवते. आता डबा परत करायचा. पण रिकामा डबा परत करत नाहीत. अगदी काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. आईला मात्र तशा अनारशांच्या बदल्यात साखर घालणं पटेना. तोलामोलाचं काही हवं. पुढच्या दिवाळीला तिने अनारसेच केले, ते तुपात हसले. त्याच्या पुढच्या वर्षी चकल्या मऊ पडल्या. मग करंज्यांचे खुळखुळे झाले. एके वर्षी सगळं उत्तम साधलं, पण सुतक आलं. “आणि मग जोशांची बदली झाली,” आत्या म्हणाली. “तुझी आई त्या दिवशी डबा पदराखाली घेऊन दारात उभी होती. टांगा निघाला तरी देईना. म्हणाली, असा मोकळा कसा देऊ?”

मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबे पोचवतात. डब्यांवर मालकाचं नाव नसतं. रंगांची आणि अक्षरांची खूण तेवढी असते, आणि तेवढ्यावर डबा लोकलमधून जाऊन संध्याकाळी घरी परत येतो. आमच्या वाड्याचा चौक ओलांडायला चाळीस पावलं पुरत. डब्यावर नाव होतं, तारीख होती. तो पोचला नाही.

“मग आपला डबा?” मी विचारलं. “तो त्यांच्याकडे,” आत्या म्हणाली. “त्यांचा आपल्याकडे, आपला त्यांच्याकडे. फिटंफाट की रे!” आणि खूप वेळ हसत राहिली.

आता आमच्या घरात डब्यांची ददात नाही. हॉटेलातून जेवण मागवलं की काळे प्लॅस्टिकचे डबे येतात, धुऊन ठेवावेत इतपत बरे. त्यांच्यावर नाव नसतं आणि ते परत मागायला कुणी येत नाही. हिने ते सगळे एका झटक्यात बाहेर काढले. ट्रॉलीवाल्याशी बोलून चाराच्या सहा ट्रॉल्या करून घेतल्या, इंडक्शन नाकारलं. जोशांचा डबा खालून दुसऱ्या ट्रॉलीत आहे. मी त्यात काय ठेवावं यावर आमचा अजून वाद चालू आहे, तोवर सुंठ आहे.

आमचा जो डबा गेला, त्यावर वडिलांची आद्याक्षरं आहेत : ग. वि. कु. नाव घालताना नेमकी वीज गेली होती आणि ‘कु’चा उकार अर्धाच राहिला, त्यामुळे घाईत वाचणाऱ्याला ते ग. वि. क. वाटेल. स्टीलचा, कडीचा, साधारण वीतभर उंच. तुमच्या कपाटात मागच्या रांगेत असा डबा असेल, आणि तो कुणाचा हे घरात कुणालाच ठाऊक नसेल, तर तो आमचा. परत करायची घाई नाही. सध्या त्यात काय ठेवता, एवढं मात्र कळवा.